मोबाईल नंबरच्या मधली एक मोकळी जागा



शाळा सुरू व्हायच्या दिवसांत आपण किती मोबाईल नंबर टाइप करतो याचा हिशोब कधी केलाय का? नवीन प्रवेशाचे, बदललेल्या सिमचे, व्हॉट्सॲप ग्रुपचे, शिष्यवृत्तीच्या अर्जाचे, शिवाय पोर्टलवर एकदा आणि आपल्या स्वतःच्या यादीत पुन्हा एकदा. पालकही तेच करतात. शाळेचं ॲप, बँकेचं ॲप, गॅसचं ॲप, प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच: मोबाईल नंबर टाका.

आज त्या एका रिकाम्या चौकटीबद्दलच बोलायचं आहे. विषय लहान वाटेल. पण त्या चौकटीत एक आकडा चुकला तर काय होतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे. मुलाला ताप आला, फोन लावला आणि पलीकडून भलताच माणूस म्हणाला, "राँग नंबर." पंचवीस टक्के आरक्षणाच्या प्रवेशाचा एसएमएस तिसऱ्याच घरात जातो. ओटीपी अनोळखी माणसाच्या हातात पडतो. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांशी जोडणारा तो एकच धागा असतो, आणि तो एका आकड्याने तुटतो.

काही ॲपमध्ये तुमच्या लक्षात आलं असेल, आपण आकडे टाकत जातो आणि पाच आकडे झाले की मध्ये आपोआप एक जागा सुटते. १२३४५ ६७८९०. (हा नंबर मी मुद्दाम घेतलाय. आपल्याकडचे मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतात, त्यामुळे हा कोणाचाच नाही. वर्गात उदाहरण देतानाही असाच घ्या, फळ्यावर कोणाच्या आईचा खरा नंबर लिहू नका.) माझं मत सरळ आहे: ही जागा सुटलीच पाहिजे. पण ती सोडताना ॲपने टाइप करणाऱ्याचं बोट ढकलता कामा नये. बरीच ॲप पहिली गोष्ट करतात आणि दुसरीत माती खातात.

आधी पहिल्या गोष्टीबद्दल.

दहा आकडे सलग लिहिले तर डोळा कुठे थांबणार? १२३४५६७८९० हे ओळखीचं आहे म्हणून सोपं वाटतं. पण चार शून्यं किंवा तीन सात सलग असलेला नंबर घ्या. शून्यं तीन आहेत की चार, हे बोट ठेवून मोजावं लागतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा १९५६ सालचा लेख प्रसिद्ध आहे. माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी ध्यानात धरू शकतो, दोन कमी किंवा दोन जास्त, असं त्यांनी मांडलं आणि गोष्टी गटात बांधल्या तर जास्त धरता येतात हेही दाखवलं. डीएडला आपण स्मरणावरचा धडा वाचला, तो असा रोजच्या कामात येतो. चौथीच्या वर्गात करून बघा. एक दहा आकडी ओळ सलग लिहा, दहापर्यंत मोजा, पुसा. मग दुसरी ओळ मध्ये जागा सोडून लिहा. कोणती जास्त मुलांना आठवते ते तुम्हीच बघा.

मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर १०९८ आहे. तो "एक हजार अठ्ठ्याण्णव" असा कोणी सांगत नाही. "दस, नौ, आठ" असा सांगतात, उलटी मोजणी केल्यासारखा. म्हणून तर तो लहान मुलाच्याही डोक्यात बसतो.

इथे गणिताचा एक मुद्दा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. फोन नंबर ही संख्या नाहीच. ती अंकांची ओळ आहे. स्थानिक किंमत तिथे चालत नाही. आपल्या उदाहरणातला नंबर संख्या म्हणून वाचला तर होतो एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे नव्वद. असा नंबर कोणी कोणाला सांगेल का? दोन फोन नंबरांची बेरीज करून काही हाती लागत नाही. आणि संख्येच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते, फोनच्या ओळीत मात्र ते शून्य काढलं तर एसटीडी कोड मोडतो. पाचवीच्या मुलांना विचारा, "फोन नंबर संख्या आहे का?" पंधरा मिनिटं चर्चा रंगेल, आणि स्थानिक किमतीची समज कोणाला खरी आहे आणि कोणी पाठ केली आहे, हे त्यात आपोआप दिसेल.

संगणकालाही हा फरक सांगावा लागतो. एक्सेलमध्ये याद्या करणाऱ्यांनी हे भोगलेलं आहे. विद्यार्थ्याचा १९ अंकी सरल आयडी चौकटीत टाकला की तो अचानक दशांश चिन्ह आणि मध्ये इंग्रजी 'ई' अक्षर घेऊन येतो. कारण एक्सेल त्याला संख्या समजतं आणि संख्येचे पहिले पंधरा अंकच अचूक ठेवतं. शेवटचे चार अंक शून्य होऊन बसतात आणि ते परत मिळत नाहीत. आधीच त्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' करून ठेवला तर हा घोळ होत नाही. फोन नंबरला +९१ लावून टाकला की तोच प्रकार होतो, अधिकचं चिन्ह गायब होतं आणि बारा अंकांची संख्या उरते.

आता गट पाडायचेच तर कसे? प्रत्येक देशाची, प्रत्येक क्रमांकाची रीत वेगळी आहे. आपला पिनकोड घ्या. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी होते. ते संस्कृतचे कवीही होते, हे मुलांना आवर्जून सांगा. पिनकोड तीन-तीन असा तोडतात आणि त्या तोडण्याला अर्थ आहे: पहिले तीन आकडे टपालाचा विभाग आणि जिल्हा दाखवतात, पुढचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस. आधार चार-चार-चार असा छापलेला असतो. अमेरिकेत फोन नंबर तीन-तीन-चार असा लिहितात. फ्रान्समध्ये दोन-दोनच्या जोड्या.

आपल्या मोबाईलचं पाच-पाच कुठून आलं? नंबरचे सुरुवातीचे चार-पाच आकडे पूर्वी कोणती कंपनी आणि कोणता विभाग ते सांगायचे, म्हणून तिथे थांबणं साहजिक होतं. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, तेव्हा त्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी ओळखणं संपलं. पण दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत, रिक्षाच्या मागे नंबर पाच-पाचच दिसतो. डोळ्याला सवय झाली आहे, आणि ॲपने ती सवय पाळावी. परदेशी साचा जसाच्या तसा उचलून आपल्या पालकांपुढे तीन-तीन-चार ठेवणारी ॲप मी पाहिली आहेत. पाटीवरचा पाच-पाच नंबर बघून तिथे टाकताना दर वेळी नजर घसरते.

एक अडचण मात्र आहे आणि ती आपल्या भाषेतली आहे. आपले आजी-आजोबा नंबर जोडीने सांगतात. "बारा, चौतीस, छप्पन्न, अठ्ठ्याहत्तर, नव्वद." पाच-पाचमध्ये मधली जोडी, म्हणजे छप्पन्न, मधोमध फाटते! पाच अलीकडे, सहा पलीकडे. त्यातून मराठी आकड्यांची गंमत: "सत्तावीस" ऐकताना आधी सात येतो आणि मग वीस. घाईत लिहिणारा बहात्तर लिहून मोकळा. एकोणसत्तर, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यात फोनवरून फरक कळणं म्हणजे परीक्षाच. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस सात" अशा वाचनाची ओळख आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? त्या वादात मी इथे शिरत नाही. सत्तावीस हा शब्द आपल्या भाषेचा आहे आणि तो राहावा. पण फोन नंबर सांगताना एकेक अंक सांगावा, हे मात्र मुलांना शिकवायलाच हवं. "दोन, सात." पाच अंक झाले की श्वास घ्यायचा, मग पुढचे पाच.

आता बोट ढकलण्याबद्दल. हा भाग जरा सावकाश वाचा, कारण खरी चूक इथे होते आणि ती कोणाला दिसत नाही.

समजा एका ताईंना १२३४५ ६७८९० टाकायचा आहे. त्यांच्याकडून तिसरा आकडा चुकून ४ पडला: १२४४५ ६७८९०. शेवटी त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं, तो पुसला. आता नऊ आकडे उरले. ॲप लगेच शहाणपणा करतं, सगळे आकडे गोळा करतं, पुन्हा पाचावर जागा सोडतं आणि चौकटीत नव्याने लिहितं: १२४५६ ७८९०. इथवर ठीक. पण हे करताना ती उभी लुकलुकणारी रेघ, जिला आपण कर्सर म्हणतो, ती तिसऱ्या जागेवरून उडी मारून थेट शेवटी जाते. ताई तिकडे बघत नाहीत, त्या कीपॅडवरचा ३ शोधत असतात. त्या ३ दाबतात. झालं १२४५६ ७८९०३. आकडे मोजले तर बरोबर दहा. ॲप खूश, हिरवी खूण देतं, पुढचं पान उघडतं. ताईंनी चूक सुधारली होती, आणि ॲपने ती सुधारणा बिघडवून ठेवली.

दुसरा प्रकार पेस्ट करण्याचा. व्हॉट्सॲपवरून नंबर कॉपी केला की तो बहुधा +९१ सकट येतो. ॲपने फक्त आकडे उचलले तर ते बारा झाले. चौकटीला दहाचीच मुभा. मग कित्येक ॲप पहिले दहा ठेवतात आणि शेवटचे दोन कापतात. उरतं काय? ९१ आणि नंबरचे पहिले आठ आकडे. हा दहा आकडी आहे, ९ ने सुरू होतो, म्हणजे ॲपच्या दृष्टीने अगदी वैध मोबाईल नंबर! कदाचित तो खरोखर कोणाचा तरी असेलही. आणि आपला ओटीपी त्याच्याकडे निघाला. नीट करायचं तर आधी सगळे आकडे घ्यायचे, बारा असतील आणि सुरुवात ९१ ने असेल तरच ते ९१ काढायचे. दहाच असतील तर सुरुवातीच्या ९१ ला हात लावायचा नाही, कारण ९१ ने सुरू होणारे खरे नंबरही असतात. सुरुवातीच्या शून्याचंही तसंच: अकरा आकडे असतील आणि पहिलं शून्य असेल तरच ते जादा.

काही ठिकाणी तर मधली जागा हीसुद्धा एक अक्षर म्हणून मोजली जाते. दहाची मर्यादा, त्यात एक जागा, मग शेवटचा आकडा उमटतच नाही. पालक दाबून दाबून थकतात आणि म्हणतात, "सर, माझा मोबाईल बिघडलाय." मागे खोडायचं बटण दाबल्यावर फक्त जागा पुसली जाते आणि ॲप ती क्षणात परत आणून ठेवतं, म्हणजे माणूस तिथेच अडकतो, असंही होतं. दहा वेगळ्या छोट्या चौकटी देणारी ॲप याहून वाईट. कागदी फॉर्मवर त्या चौकटी उत्तम, पेनाला शिस्त लावतात. पण मोबाईलवर मधला एक आकडा बदलायचा तर बोट नेमकं त्या चौकटीवर बसत नाही, आणि पेस्ट तर बहुतेक वेळा पहिल्याच चौकटीत मरून पडतं.

यावर उपाय नाही असं नाही. गूगलने फोन नंबरांसाठी एक मोफत, खुली संगणकीय लायब्ररी तयार केलेली आहे. तिच्यात टाइप करता करता गट पाडण्याची सोय आहे आणि कर्सर कुठे असायला हवा हे लक्षात ठेवण्याचीही. म्हणजे तयार शिडी समोर आहे, चढायचं तेवढं बाकी. तरीही ॲप करणाऱ्याला हे नीट जमत नसेल तर माझं म्हणणं आहे की त्याने टाइप करताना काहीच करू नये. पालकांना सलग टाकू द्या, जागा सोडून टाकू द्या, जसं हवं तसं. चौकटीतून बाहेर आल्यावर खाली मोठ्या अक्षरात पाच-पाच करून दाखवा आणि विचारा, "हाच ना?" अर्धवट हुशार चौकटीपेक्षा अशी साधी चौकट बरी. आणि जागा फक्त डोळ्यांसाठी असते. साठवताना ती काढून निव्वळ आकडेच साठवायचे, नाहीतर उद्या शोधताना एकाच पालकाचे दोन नंबर झाल्यासारखे दिसतील.

एवढी काळजी मोबाईल नंबरालाच का? आधार क्रमांकाचा शेवटचा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून ठरलेला तपासणी अंक असतो. एक अंक चुकला की संगणकाला लगेच कळतं, हा क्रमांक असूच शकत नाही. मोबाईल नंबरात असा पहारेकरी नाही. ६ ते ९ ने सुरू होणारे कोणतेही दहा आकडे दिसायला खरेच. म्हणून इथे तपासणी माणसाच्या डोळ्यानेच होते, आणि डोळ्याला मदत करणं हे त्या मोकळ्या जागेचं काम.

मराठी शाळांची एक वेगळीच अडचण सांगायला हवी. प्राथमिकच्या मुलांना आपण देवनागरी अंक शिकवतो. घरच्या मोबाईलवर मराठी कीबोर्ड असला की तिथेही देवनागरी अंक येतात. मुलगी हौसेने बाबांचा फॉर्म भरते, नंबर अगदी बरोबर, आणि ॲप लाल अक्षरात म्हणतं, "योग्य मोबाईल नंबर टाका." कारण ॲपला इंग्रजी आकडेच आकडे वाटतात. दहा चिन्हांच्या बदल्यात दहा चिन्हं, एवढं रूपांतर करणं प्रोग्रामरला काहीच अवघड नाही. निदान त्या चौकटीवर बोट ठेवल्यावर आकड्यांचाच मोठा कीपॅड उघडला तरी निम्मा त्रास वाचेल. कागदावरचा घोळ तर याहून जुना. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ जवळजवळ सारखे दिसतात. देवनागरी चार आणि इंग्रजी आठ यांचंही तेच. चिठ्ठीवर आजोबांनी अर्धा नंबर एका लिपीत आणि अर्धा दुसरीत लिहिला की वाचणाऱ्याने नशिबावर सोडायचं. प्रवेश फॉर्मवर "सर्व आकडे एकाच लिपीत लिहा" अशी एक ओळ छापायला काय हरकत आहे?

कोकणात किंवा सातारा-सांगलीकडे बाबा दुबईत आणि मूल आजीकडे, अशी घरं तुमच्याही शाळेत असतील. त्यांचा नंबर +९७१ नंतर नऊ आकडी असतो. दहाचीच सक्ती करणाऱ्या चौकटीत तो बसतच नाही, आणि मग तिथे शेजाऱ्याचा नंबर जातो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे देशाच्या कोडसकट नंबर जास्तीत जास्त १५ आकडी असू शकतो. तेव्हा पाच-पाचची शिस्त भारताच्या मोबाईलपुरती, बाकीच्यांना मोकळीक द्यावी.

"आपण शिक्षक, ॲप थोडंच बनवतो?" असं काही सहकारी म्हणतील. पण गूगल फॉर्म आपणच बनवतो की! तिथे टाइप करताना जागा पाडता येत नाही, पण प्रश्नाखाली नमुना लिहिता येतो: "उदा. १२३४५ ६७८९०". आणि उत्तराची लांबी नेमकी दहा अक्षरं अशी अट घालू नका, कारण तुमचाच नमुना बघून जागा सोडणारा पालक त्यात अडकेल. "नंबर पुन्हा लिहा" हा दुसरा प्रश्नही मला निरुपयोगी वाटतो. पालक वरचाच कॉपी करून खाली चिकटवतात, चुकीसकट.

आणि तुमच्या शाळेला कोणी पालकांसाठीचं ॲप विकायला आलं तर रंगीत स्क्रीन बघण्याआधी त्याच्याच मोबाईलवर मी वर सांगितलेला तिसऱ्या आकड्याचा प्रयोग करा. चुकीचा नंबर टाका, मधला आकडा पुसा, न बघता बरोबर आकडा दाबा. मग +९१ वाला नंबर पेस्ट करा. मग मराठी कीबोर्डने टाका. पाच मिनिटांचं काम आहे. पालकांनीही शाळेच्या ॲपवर हे करून बघावं आणि बिघडलं तर शाळेला स्क्रीनशॉट पाठवावा, त्यावर स्वतःचा नंबर झाकून.

तोवर आपला जुना उपाय आहेच. नंबर लिहून झाला की पालक समोर असतानाच एक मिस्ड कॉल द्यायचा. त्यांच्या खिशात फोन वाजला की मगच पुढच्या पालकांना बोलवायचं.